चौदावा पत्ता

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या शाळेचे नवे क्रीडाशिक्षक घरी आले. चहा झाला, पावसाच्या आणि वाडीच्या गोष्टी झाल्या आणि मग काहीशा संकोचाने त्यांनी विचारले, “सर, तुमचे ते पत्ते अजून आहेत का?” पत्ते हा शब्द कानी पडताच सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले. आम्ही त्यांना हसून खुणावले, स्टुलावर चढलो आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक गंजलेला डबा खाली काढला. आत जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर निळ्या शाईने लिहिलेले चौदा पत्ते होते. काहींवर चिखलाचे ठसे होते, दोन-तीनांची शाई पावसाने पसरली होती.

ते पत्ते खेळायचे नव्हते आणि तरीही खेळाचेच होते. आमच्या माध्यमिक शाळेच्या फुटबॉल संघाचा सराव एके काळी त्या पत्त्यांवर चालत असे. ते कसे तयार झाले, याची हकीकत आम्ही त्या तरुण शिक्षकांना त्या संध्याकाळी सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवत आहोत. तिच्यात आमच्या गौरवाचे काही नाही. तिची सुरुवातच आमच्या एका चुकीपासून होते.

ते २०११ साल होते. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा व्हायला अजून तीन वर्षे होती. एका आंतरशालेय स्पर्धेत सतरा वर्षांखालील गटात आमचा संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला होता. पंचवीस-पंचवीस मिनिटांची दोन सत्रे. धो-धो पाऊस, मैदानावर घोट्यापर्यंत चिखल. पूर्वार्धात आम्ही एक गोल केला आणि पोरांनी तो जिवापाड सांभाळला. शेवटची दोन मिनिटे उरली होती. प्रतिस्पर्ध्यांचा एक फटका आमच्या गोलच्या डाव्या बाजूला, कोपऱ्याच्या निशाणाजवळ, रेषेबाहेर गेला. थ्रो-इन आमचा होता.

चेंडू उचलला तो आमच्या डाव्या बचावपटूने. नववीतला, अंगाने किरकोळ, अबोल मुलगा. रविवारच्या पहिल्या मिस्साला वेदीसेवक म्हणून उभा राहणारा. कोणी म्हणाले, ‘थांब’. कोणी म्हणाले, ‘लवकर’. रेषेबाहेरून पालक ओरडत होते आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने आम्ही ओरडत होतो, ‘टाक, टाक!’ त्याने गोंधळून इकडेतिकडे पाहिले आणि चेंडू सरळ मध्ये, आमच्याच गोलसमोर टाकला. तिथे उभा असलेला आमचा मुलगा चिखलात घसरला. बाकीचे सांगायला नको. बरोबरी झाली. त्या धक्क्यातून संघ सावरण्यापूर्वीच पुढच्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि चषक दुसऱ्या शाळेकडे गेला.

शिटी वाजल्यावर आम्ही छत्री टाकून मैदानात गेलो आणि सगळ्यांदेखत त्या मुलाला विचारले, “हे तुला शिकवले नव्हते का?”

त्याने मान वर केली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होते. त्यात पाऊस किती आणि अश्रू किती, हे कळायला मार्ग नव्हता. “नाही, सर,” तो म्हणाला, “हे नव्हतं शिकवलं.”

उत्तरात उद्धटपणा नव्हता, तक्रारही नव्हती. प्रश्न विचारला म्हणून त्याने खरे ते सांगितले. परतीच्या टेम्पोत तो मागच्या फळीला टेकून एकटाच बसला. त्याच्या शेजारी कोणी बसले नाही. आम्हीही बसलो नाही.

त्या रात्री आम्ही सरावाची वही काढली. प्रत्येक दिवशी काय घेतले, याची नोंद ठेवायची आमची जुनी सवय होती. पासिंग, ड्रिब्लिंग, हेडिंग, धावणे, नेमबाजी यांनी पानामागून पान भरले होते. थ्रो-इनही होता. दोन्ही हातांनी, डोक्यामागून आणि डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून चेंडू कसा टाकावा, हे आम्ही रांगेत उभे करून शिकवले होते. परंतु एका गोलने पुढे असताना, शेवटच्या दोन मिनिटांत, स्वतःच्या कोपऱ्याजवळ, दमलेल्या पायांनी आणि ओल्या चेंडूने तो कुठे टाकावा, याबद्दल वहीत एक ओळही नव्हती. मुलगा खरे बोलला होता. आम्ही त्याला अक्षरे शिकवली होती, वाक्य कधीच लिहून घेतले नव्हते, आणि परीक्षा मात्र निबंधाची होती.

पुढच्या रविवारी वेदीवर त्या मुलाची जागा रिकामी होती. त्यानंतरच्या रविवारीही ती रिकामीच राहिली. मिस्सानंतर आमचे सहायक धर्मगुरू फादर आम्हाला थांबवून म्हणाले, “सर, तुमचा तो बचावपटू दिसत नाही.” आम्ही त्यांना सगळे सांगितले; मैदानावर विचारलेला प्रश्न आणि त्याला आलेले उत्तर, हेही लपवले नाही. फादर स्वतः सेमिनरीत फुटबॉल खेळलेले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “संत पौलाने करिंथकरांना लिहिताना मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला आहे. आपण नुसते वाऱ्याला ठोसे मारत नाही, असे तो म्हणतो. सर, आपला सराव वाऱ्याला ठोसे मारण्यासारखा तर होत नाही ना?”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच पुढे आमच्या सगळ्या योजनेचा पाया ठरली. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे ‘आध्यात्मिक व्यायाम’ हे पुस्तक १५४८ साली छापले गेले. चालणे आणि धावणे हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे व्यायाम, अशी तुलना त्याच्या आरंभीच आहे. मनाला सांत्वन लाभलेले दिवस आणि मन उदास, कोरडे झालेले दिवस यांची लक्षणे ओळखण्याचे नियम त्यात दिले आहेत. पाचवा नियम सांगतो की, उदासीच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये. दहावा सांगतो की, मन प्रसन्न असतानाच पुढे येणाऱ्या उदासीचा विचार करावा, त्या वेळी आपण कसे वागू हे ठरवावे आणि त्यासाठी बळ साठवून ठेवावे.

फादर म्हणाले, “तुमच्या पोराला त्या क्षणी निर्णय घ्यावा लागला, ही त्याची चूक नव्हे. तो निर्णय जून महिन्यात, शांतपणे, सगळ्यांनी मिळून घ्यायला हवा होता. मैदानावर फक्त त्याची आठवण व्हायला हवी होती.”

त्याच संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडील केळीच्या बागेतून नुकतेच आले होते. आम्ही ओट्यावर बसलो आणि आलो होतो ते सांगितले: मुलाची माफी मागायला आलो आहोत. वडील गडबडून गेले. “सर, चूक पोराची, तुम्ही कशाला माफी मागता? आमच्या वेळी मास्तर छडी मारायचे, तरी आम्ही हूं का चूं केलं नाही.” आम्ही म्हणालो, “जे शिकवलेच नाही त्याचा जाब आम्ही त्याला चारचौघांत विचारला. म्हणून चारचौघांत नाही, तरी निदान घरच्यांसमोर हे बोलणे भाग आहे.” मुलगा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मी येतो सर. पण थ्रो दुसऱ्याने घ्यावा.”

ते वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. पुढचा जून येईपर्यंत आमच्या हाती दहा महिने होते.

आम्ही आधी जुन्या वह्या चाळल्या. मागील काही वर्षांत आमच्यावर गोल कधी आणि कसे झाले, ते एका कागदावर मांडले. तेव्हा ध्यानात आले की, निम्म्याहून अधिक गोल प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या कौशल्यामुळे झालेच नव्हते. ते झाले होते कॉर्नर, फ्री-किक, थ्रो-इन अशा थांबलेल्या चेंडूवरून. सत्राच्या अखेरच्या मिनिटांत. किंवा आम्ही स्वतः गोल करून आनंदात असताना, लगेच पुढच्या हल्ल्यात. म्हणजे आमच्या पोरांच्या पायांपेक्षा त्यांचे भान आधी सुटत होते. मोठ्यांच्या खेळातही हे घडते. १९९९ साली युरोपातील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिक नव्वद मिनिटे संपली तेव्हा एका गोलने पुढे होता. वाढीव वेळेत मँचेस्टर युनायटेडने दोन कॉर्नरांवरून दोन गोल केले आणि चषक नेला. जगातल्या निवडक खेळाडूंची जिथे ही गत, तिथे नववीतल्या मुलाला आम्ही काय बोललो होतो!

मग एकेक प्रसंग लिहून काढला. एका पत्त्यावर एक प्रसंग: धावसंख्या, उरलेली मिनिटे, चेंडू कुठे, कोणाचा. पहिल्या उत्साहात तीस पत्ते झाले. फादरांनी ते पाहून विचारले, “ख्रिस्तीशिक्षणाच्या वर्गात एका दिवसात तीस प्रश्नोत्तरे पाठ होतात का?” आम्ही गाळत गाळत चौदांवर आलो.

वेळेचे गणितही मांडावे लागले. आमची मुले पहाटे वाडीत घरच्यांना हातभार लावतात, दिवसभर शाळा करतात. बुधवारी नोव्हेना, शनिवारी मैत्रीचा सामना, रविवारी मिस्सा. उरल्या चार संध्याकाळी, प्रत्येकी पंच्याहत्तर मिनिटांच्या. पहिली पंधरा मिनिटे चेंडूसह अंग मोकळे करणे, पंचवीस मिनिटे कौशल्य, पंधरा मिनिटे छोट्या मैदानावर खेळ आणि शेवटची वीस मिनिटे पत्ते. पत्ते मुद्दाम शेवटी ठेवले, कारण सामन्यातही संकट दमल्यावरच येते. प्रत्येक पत्त्याला दहा मिनिटे: चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे बोलणे, मग बाजू बदलून पुन्हा चार मिनिटे तोच प्रसंग. दिवसाला दोन पत्ते, आठवड्याला आठ, सात आठवड्यांत छप्पन. म्हणजे प्रत्येक पत्ता चार वेळा येणार. अकरा जण खेळवण्याची गरज प्रत्येक वेळी नव्हती. बहुतेक प्रसंग सहा विरुद्ध सहामध्ये, अर्ध्या मैदानावर उभे राहत.

२०१२ च्या जूनमध्ये शाळा उघडली आणि आम्ही सुरुवात केली. पहिला आठवडा फजितीचा गेला. ‘तुम्ही एका गोलने मागे आहात, सहा मिनिटे उरली आहेत’ असे सांगितले की, मागे असलेल्या बाजूची मुले हसत. लटक्या पराभवाचे दुःख कोणाला होणार? मग आम्ही ठरवले की, हरणाऱ्या बाजूने सगळे चेंडू धुऊन, पुसून जाळीत भरायचे. त्या दिवसापासून धावसंख्येला अर्थ आला.

दुसरी चूक आमची होती. पत्ता वाचून झाल्यावरही आमचे रेषेवरून ओरडणे चालूच होते. फादर पंचाची शिटी घेऊन उभे असत. एका संध्याकाळी त्यांनी खेळ थांबवला आणि सर्वांदेखत आम्हाला विचारले, “सर, पावसात आणि दोन-तीनशे लोकांच्या गलक्यात तुमचा आवाज त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल का? नसेल पोहोचत, तर ह्यांना आजपासूनच त्याच्यावाचून खेळू द्या.” नियम ठरला: चार मिनिटे आम्ही तोंड उघडायचे नाही, मैदानावर कर्णधार बोलेल. मधल्या दोन मिनिटांतही आम्ही उत्तर सांगायचे नाही, फक्त विचारायचे: काय दिसले? दुसरे काय करता आले असते? चाळीस वर्षांच्या माणसाला चार मिनिटे गप्प बसणे किती अवघड असते, ते आम्हाला त्या पावसाळ्यात समजले.

पहिला पत्ता अर्थातच त्या थ्रो-इनचा होता. मुलांनीच उत्तर शोधले. थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्याचा उपयोग मात्र कोणी केला नव्हता. आमच्या आघाडीपटूने बाजूच्या रेषेलगत खूप पुढे, त्यांच्या शेवटच्या बचावपटूच्याही पलीकडे जाऊन उभे राहायचे. त्याला मोकळे सोडण्याची भीती वाटून त्यांचे दोघे मागे सरकतात आणि आपल्या कोपऱ्यातील गर्दी कमी होते. मग चेंडू रेषेलगत लांब टाकायचा. गोलच्या तोंडासमोर आडवा कधीही टाकायचा नाही. टाकण्यापूर्वी चेंडू बनियनला पुसायचा. तेवढ्यात एक श्वास घेऊन होतो.

दुसरा पत्ता मागे असतानाचा. एक गोल कमी पडला की सगळेच पुढे धावतात आणि जो तो आंधळा लांब फटका मारतो. त्यावर ठरले की, दोघांनी काही झाले तरी मागे राहायचे आणि बरोबरी साधली तर नाचत बसायचे नाही. तिसरा पत्ता याच्या उलट, नुकताच गोल केल्यानंतरच्या पाच मिनिटांचा: मिठ्या मारा, परंतु प्रतिस्पर्ध्यांनी मध्यरेषेवरून खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागेला पाय लावला पाहिजे. एका पत्त्यात आमच्या एकाला लाल कार्ड मिळालेले असे. एकात गोलरक्षक जखमी होई आणि बदली खेळाडू संपलेले असत. संघात गोलरक्षक असलाच पाहिजे, हा नियम आहे. मग हातमोजे कोण घालणार? पहिल्या दिवशी पाच मिनिटे वाद झाला. दुसऱ्या वेळी एक जण न बोलता पुढे आला. फ्री-किकच्या पत्त्यात भिंतीत कोण कोण उभे राहणार, हे आधीच ठरले. भिंत ९.१५ मीटरवर उभी राहत असताना एकाने चेंडूवरची नजर काढायची नाही हेही ठरले, कारण प्रतिस्पर्ध्याला फ्री-किक तातडीने घेण्याचा हक्क असतो.

एका पत्त्यावर बचावपटूने आघाडीवर जाऊन खेळायचे होते. मुले कुरकुरली. तेव्हा पावसाने सराव बंद पडलेल्या एका संध्याकाळी वर्गात बसून आम्ही त्यांना १९६२ सालच्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट सांगितली. भारताचा भक्कम बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला जखम होऊन टाके पडलेल्या अवस्थेत होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २–१ असा विजय मिळाला, त्यातला एक गोल जर्नेलसिंगचा होता. रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे शाळामास्तर, हे सांगताना आमची छाती किंचित फुगली असेल.

तेराव्या पत्त्याची मजा फादरांना वाटे. तो मुलांना माहीत नसायचा. खेळ रंगात असताना फादर जाणूनबुजून चुकीचा निर्णय देत: चेंडू स्पष्ट आमचा असताना तिकडे, नसलेली पेनल्टी इकडे. मुले उसळत. ‘फादर, तुम्ही सुद्धा!’ असा सूर निघे. नियम असा होता की, फक्त कर्णधार बोलेल, तेही एकदाच. बाकीचे दहा जण पाठ फिरवून जागेवर जातील. अन्याय झाला तरी पुढचा चेंडू खेळावाच लागतो, हे कळायला त्या मुलांना तीन वेळा लागल्या. मोठ्या माणसांना कधी कधी जन्म पुरत नाही.

एका पालकांनी आम्हाला गाठून विचारले, “सर, हा खेळ आहे की दहावीची परीक्षा? पोरांना खेळू द्या की!” प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना एका संध्याकाळी मैदानावर बोलावले. एका गोलने मागे असलेली बाजू शेवटच्या अर्ध्या मिनिटात बरोबरी साधते आणि चेंडू धुण्याची पाळी दोघांवरही येते, तेव्हा उठलेला हास्यकल्लोळ त्यांनी ऐकला. मग ते रोज येऊ लागले. भीती कमी झाली की खेळ अधिक खेळासारखा होतो, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो असतो. ते त्यांना न सांगता कळले.

आता चौदाव्या पत्त्याविषयी. तो आम्ही लिहिला नव्हता. जुलैच्या सुरुवातीला तेरा पत्ते झाले होते आणि एक कोरा उरला होता. आम्ही मुलांना विचारले, आणखी कोणता प्रसंग राहिला? बरीच उत्तरे आली. सगळे पांगल्यावर तो डावा बचावपटू मागे थांबला. तो सरावाला नियमित येत होता, पण पहिला पत्ता निघाला की मागे सरकत असे. त्याने विचारले, “सर, आपल्यातल्या एकाच्या चुकीने गोल झाला, तर त्याच्याकडे पहिल्यांदा कोण जाणार, ते नाही ठरवायचं?”

आम्ही पत्ता आणि पेन त्याच्या हाती दिले. त्याच्या अक्षरात तो प्रसंग अजून डब्यात आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो वाचला आणि मैदानावर शांतता पसरली. टेम्पोतली ती मागची फळी सगळ्यांना आठवली असावी. मग मुलांनी ठरवले: सगळ्यांत जवळ असेल त्याने आधी जायचे, खांद्यावर हात ठेवायचा, ‘कसं झालं’ हे विचारायचे नाही, ‘पुढचा चेंडू’ एवढेच म्हणायचे. गोलरक्षकाने जाळीतला चेंडू काढून स्वतः मध्यापर्यंत न्यायचा, म्हणजे चुकलेल्याला तो उचलावा लागणार नाही. आणि रेषेबाहेरच्यांनी काय करायचे? कर्णधाराने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “गप्प बसायचे. आणि सामना संपल्यावर त्याच्या शेजारी बसायचे.” हा पत्ता आम्ही इतर पत्त्यांसारखाच चार वेळा घेतला. खोटी चूक, खोटा गोल, आणि खांद्यावर मात्र खरा हात. पहिल्यांदा मुले लाजली. चौथ्या वेळी कोणी लाजले नाही. त्याच आठवड्यात, कोणी न सांगता, त्या मुलाने पहिल्या पत्त्यातला थ्रो स्वतः घेतला.

ऑगस्टमध्ये उपांत्य सामन्यात आम्ही १–० असे पुढे होतो आणि शेवटच्या मिनिटांत चेंडू जवळजवळ त्याच कोपऱ्यात बाहेर गेला. तो चेंडूकडे चालत गेला, धावला नाही. बनियनला चेंडू पुसला. आमचा आघाडीपटू दूरवर रेषेलगत पोहोचलाच होता. थ्रो गेला, चेंडू पलीकडच्या अर्ध्यात पोहोचला आणि थोड्याच वेळात शिटी झाली. आम्ही खिशातली जपमाळ घट्ट धरली होती, हे कबूल केले पाहिजे. तोंड मात्र उघडले नव्हते.

अंतिम सामना आम्ही जिंकला असता, तर गोष्ट अधिक गोड झाली असती. तो बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर गेला. अकरा मीटरवरून मारायच्या त्या फटक्यांचाही पत्ता होता आणि सरावात आमचा कर्णधार क्वचितच चुकत असे. निर्णायक फटका त्याने गोलच्या आडव्या खांबावरून मारला. संघातला सर्वोत्तम खेळाडू, दहावीतला, त्याचा शाळेसाठीचा शेवटचा सामना. तो तिथेच गुडघ्यांवर बसला.

मध्यरेषेवर बाकीचे उभे होते. पलीकडे जल्लोष चालू होता. आमच्या रांगेतून पहिला जो निघाला, तो डावा बचावपटू. सगळ्यांत जवळ तो नव्हता; नियमाप्रमाणे दुसऱ्या कोणी जायला हवे होते. परंतु तो इतका लवकर निघाला की बाकीचे त्याच्या मागे राहिले. त्याने काय म्हटले, ते आम्हाला ऐकू आले नाही. परतीच्या टेम्पोत कर्णधार मागच्या फळीला बसला. एका बाजूला तो मुलगा, दुसऱ्या बाजूला आम्ही. वसई येईपर्यंत कोणी काही बोलले नाही, आणि ते चालले.

वर्षे गेली. आम्ही निवृत्त झालो. फादरांची बदली दुसऱ्या धर्मग्रामात झाली. तो मुलगा आता कमावता आहे आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना खेळवतो. संताचा तो दहावा नियम आम्हाला फुटबॉलपुरता कधीच राहिला नाही. घरात आजारपण येण्याआधी, भावांत वाटणीचा प्रश्न उभा राहण्याआधी, मुलाचा निकाल हाती येण्याआधी, मन शांत असताना आपण किती कुटुंबे एकत्र बसून ठरवतो की, तो दिवस आला तर कोण कोणाजवळ जाईल आणि कोण गप्प राहील? आपण प्रार्थना करतो की, प्रसंग येऊ नये. ती जरूर करावी. सोबत थोडा सरावही असावा.

त्या तरुण शिक्षकांनी पत्ते एकेक करून पाहिले. काही जुने झाले आहेत, हे त्यांनीच दाखवून दिले. भिंतीत तीन किंवा अधिक बचावपटू असतील, तर हल्ला करणाऱ्यांनी तिच्यापासून एक मीटर दूर राहावे, असा नियम २०१९ पासून आहे. गोलरक्षकाने हातात चेंडू आठ सेकंदांपेक्षा अधिक काळ धरला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, हा बदल २०२५ चा. म्हणजे ‘पुढे असताना वेळ कसा काढावा’ हा आमचा पत्ता बदलावा लागणार. त्यांनी खिशातून पेन काढले आणि ओट्यावर बसून आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त्या केल्या. आता मुलींचाही संघ आहे, तेव्हा पत्त्यांच्या दोन प्रती लागतील, असे ते म्हणाले.

शेवटी चौदावा पत्ता त्यांच्या हाती आला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची लग्नपत्रिका पाहिली, पुन्हा वाचला.

“हे अक्षर तुमचं नाही, सर.”

“नाही,” आम्ही म्हणालो. “ह्यात काही दुरुस्ती नको.”